एक आडवी रेघ

मस्कतला लेकीकडे गेले होते, तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिथल्या इस्पितळात पाच दिवस पडून होते. माझी नर्स मारिसेल फिलिपीन्सची. एकदा तिने माझा ताप चुकीचा लिहिला. आकडा तिने गिरवला नाही की मिटवला नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारली आणि शेजारी बरोबर आकडा आणि वेळ लिहून सही केली.

"नीट खोडून टाक की," मी म्हटलं.

"नाही मॅम. चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. आमचा नियमच आहे."

मग उशी सारखी करता करता तिने सांगितलं. मनिलात परदेशी नोकरी लावणाऱ्या एजन्सीने दोन वर्षांच्या करारावर तिची सही घेतली. इथे उतरल्यावर त्यांच्या माणसाने तो फाडला आणि तीन वर्षांचा पुढे केला. हिने हाताच्या सवयीने 'तीन'वर रेघ मारली, 'दोन' लिहिलं, वेळ घातली, सही केली. आता दोन वर्षं भरली, घरी मुलगी वाट बघतेय, आणि एजन्सी म्हणते, खाडाखोड आम्ही मानत नाही, सही मात्र मानतो.

खाडाखोड म्हणजे गचाळपणा, असंच मीही समजत आले. शाळेत शिकवताना कितीजणींना पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असेल.

घरी सोडायच्या दिवशी माझ्या डिस्चार्जच्या कागदावर डाव्याऐवजी उजवा गुडघा छापलेला निघाला. काउंटरवरच्या माणसाने तो चुरगळून टोपलीत टाकला आणि नवा, स्वच्छ कागद हातात दिला.

"तोही द्या," मी म्हटलं.