माझ्या गावचा दहा नंबर

ऑफिसात माझ्या टेबलाच्या काचेखाली अर्जेंटिनाच्या एका दहा नंबरवाल्या फुटबॉलपटूचा फोटो आहे. कोणी विचारलं की मी रंगात येऊन सांगतो: युरोपातून बोलावण्यांवर बोलावणी आली, पण हा बाप्पा हलला नाही. पहिला सामना ज्या क्लबकडून, शेवटचाही त्याच क्लबकडून. याला म्हणतात इमान! ऐकणारे वा वा करतात आणि मी मान डोलावतो. लाज म्हणून नाही मला.

कारण ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती एकाला अडवायला.

फुलसावंगीत, माझ्या गावात, आमची फुटबॉलची टीम होती. मी कप्तान आणि फॉरवर्ड. दहा नंबरची जर्सी माझ्या मित्राची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेले. बुटका, पळायला बेताचाच, पण त्याच्या पायाला डोळे होते. मी कुठं पोचणार हे मला कळायच्या आत त्याचा पास तिथं हजर. गावात गोल मारणारा म्हणून माझा लय बोलबाला. खरं सांगू? मी फक्त पाय लावायचो.

पुसदच्या एका स्पर्धेत नागपूरच्या कोचनं त्याचा खेळ पाहिला. सरकारी खात्याची टीम होती, निवड झाली तर खेळाडू कोट्यातून नोकरी पक्की. त्याच्याकडे साधा फोन, म्हणून मेसेज माझ्या मोबाइलवर आला: रविवारी ट्रायलला पाठवा. आणि त्याच रविवारी महागावला आमची फायनल.

मेसेज मी लपवला नाही. तेवढा हुशार होतो. चहाच्या टपरीवर त्याला तो नीट वाचून दाखवला आणि लगेच त्या अर्जेंटिनावाल्याचा व्हिडिओ लावला. एका क्लबसाठी अख्खी उमर दिली पाह्य, म्हणालो. त्या क्लबनं त्याला राजासारखं ठेवलं होतं, तेवढं सांगायचं गिळलं. आम्ही काय देणार होतो? एक जर्सी, तीही त्यानंच घरी नेऊन धुवायची. शेवटी वरून म्हणालो, "आपल्या गावचा दहा नंबर तूच हायेस. आता पाह्य, तुह्या मनानं."

त्यानं चहा संपवला, गिलास ठेवला आणि फायनल खेळतो म्हणाला. एवढंच.

फायनल जिंकलो. दोन गोल माझे, दोन्ही त्याच्या पासवर. पोरांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं, तो मागं राहून गोलाची जाळी सोडत होता. मी वरून पाहिलं आणि मान फिरवली.

तीन महिन्यांनी त्याच कोचचा मला फोन आला. त्यांना फॉरवर्ड पाहिजे होता. आठ दिवसांत मी नागपुरात. त्याला भेटलोसुद्धा नाही. त्याले तूच सांगून दे, असं आईला म्हणून सकाळची एसटी धरली. पुढं नोकरी पक्की झाली, सुट्टीत गावी गेलो तरी त्याच्या गल्लीनं जायचो नाही. चोराच्या मनात चांदणं.

सहा वर्षांनी, परवाच्या दिवाळीत, एकदाचा त्याला भेटायला त्याच्या कामावर गेलो. तो महागावला जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलतो. रविवारी अजून आमच्याच टीमकडून खेळतो. मला पाहून हसला, पोरंबाळं कशी हायेत विचारलं, चहा मागवला. 

"तुले मी गावासाठी नाही अडवलं," मी म्हणालो. "मले तुहे पास पाह्यजे होते."

केसांतला कापूस झाडत तो म्हणाला, "मले तवाच मालूम होतं."

 शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग काहून थांबला तू?"

त्यानं चहाचा गिलास खाली ठेवला. रागानं नाही, काहीतरी आठवत.

"मले वाटलं," तो म्हणाला, "तू बी राहशीन."