लोहाऱ्याहून तिरुपूर

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान शिलाई कारखान्यात कौसल्याबाई कॉलरी शिवतात. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम धरलं. मुलगी प्रियंका बारावी झाली, तशी तीही शेजारच्या मशीनवर बसू लागली. तिचा हात असा साफ, की मालक सलीलभाऊ नव्या बायकांना तिच्याकडेच शिकायला पाठवत.

मग इंग्लंडशी मुक्त व्यापाराचा करार झाला. तिकडे आपल्या कपड्यावरचा कर उठणार, आता बाहेरची कामं येतील, असं सलीलभाऊंनी चहाच्या सुटीत सांगितलं. परदेशी कंपनीचा माणूस येऊन गेलाही. शिलाई त्याला आवडली. पण माल मोठा हवा होता, आणि कापड कोणत्या पाण्यात रंगलं इथपासून सगळ्याची तपासणी झालेली हवी होती. एकट्या सलीलभाऊंना ते झेपेना. ती ऑर्डर दूर दक्षिणेत, कपड्यांच्या मोठ्या कारखान्यांच्या तिरुपूरला गेली. तिकडे कारागीर हवेत असं कळलं, आणि प्रियंकाही गेली. "वापस येईन, आई," एवढंच म्हणाली.

दसऱ्याला दोघी दरवर्षी दीक्षाभूमीवर जायच्या. त्या वर्षी कौसल्याबाई एकट्याच गेल्या. गर्दीत दोनदा त्यांनी सवयीनं मागं हात केला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात सलीलभाऊंनी आणखी तीन लहान कारखानदारांना सोबत घेऊन तपासणी पार पाडली. बाहेरचं छोटं काम मिळालं. ते सांगायला कौसल्याबाई बल्लारशाहून गाडी धरून थेट लेकीकडे गेल्या. प्रियंका सुपरवायझर झाली होती. पोरींशी तमिळ बोलत होती. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्या ऐकत राहिल्या.

"आता आपल्या इथंच काम हाय. चाल घरी," त्या म्हणाल्या.

प्रियंका म्हणाली, "साठ बाया माह्या हाताखाली हायेत, आई. तिथं मले हे कोन देईन? तूच राह्य ना इथं."

"मी कोनाशी बोलू इथं?"

कौसल्याबाई परतल्या. लोहाऱ्याचं काम आता बरं चाललं आहे; दोन वर्षांचा करारही मिळाला. प्रियंका उन्हाळ्यात यायची होती, पण मालाची घाई निघाली. आता पावसाळा सरल्यावर येईन म्हणते. घरात जवस आणून ठेवलाय. कौसल्याबाईंनी चटणी अजून कुटली नाही. प्रियंकाला ताजीच लागते.