दिघ्यांचं नेट

बडोद्याच्या वाडी भागातल्या चार-पाच गल्ल्यांमध्ये नेट दिघ्यांचं असायचं. शहरात मोठमोठ्या कंपन्या आल्या, त्यांचे फलक चौकाचौकात लागले, तरी या गल्ल्यांमधले लोक बरीच वर्षं हेरंब दिघेलाच धरून होते. कारण साधं होतं. कंपनीच्या नंबरावर फोन केला की एक दाबा, दोन दाबा असं चालायचं, आणि हेरंबला फोन केला की तो म्हणायचा, "थई जशे." होऊन जाईल. मग खरंच अर्ध्या तासात खांद्यावर वायरचं वेटोळं टाकून तो दारात उभा राहायचा.

धंदा वडिलांच्या वेळचा. त्यांनी गच्चीवर डिश बसवून केबल टीव्ही सुरू केला होता, हेरंबने त्याचं इंटरनेट केलं. त्याची बायको मोहना घराच्या पुढच्या खोलीत बसून फोन घ्यायची आणि पावत्या फाडायची. तक्रार आली की गल्लीचं नाव घेऊन आत हाक मारायची, "अहो, कंसारा खांच्यातून आहे." मशिनीतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची वेळही आली नव्हती. खांबावर चढायला प्रतापसिंह होता, हेरंबच्याच वयाचा, वडिलांच्या काळापासूनचा लाइनमन. मशिनीतलं सगळं हेरंब बघायचा. भिंतीवरच्या लोखंडी पेटीत वायरींचा गुंता होता आणि कुठली वायर कुठे जाते ते फक्त त्याला ठाऊक होतं. वायरींवर चिठ्ठ्या लावा, असं मोहना म्हणायची. "मला माहीत आहे ना," तो म्हणायचा.

त्याला अर्धांगाचा झटका आला तो एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर. हातातली वायर सोडून तो कठड्याला टेकून खाली बसला आणि उठेचना. प्रतापसिंहने त्याला पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं. जीव वाचला. पण उजवा हात गेला, उजवा पाय फरफटत चालायला लागला, आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे अगदी मुका झाला असं नाही. डॉक्टरांनी मोहनाला समजावलं, "त्यांना बरंचसं कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. वर्षानुवर्षं सवयीने बोललेलं एखादं वाक्य मात्र टिकून राहतं. ते आपोआप बाहेर पडतं." हेरंबचं जे वाक्य टिकलं ते गिऱ्हाइकांना सांगायचं, गुजराती होतं. आईशी, बायकोशी, मुलीशी जन्मभर मराठीत बोललेल्या माणसाकडे मराठीतला एक शब्द उरला नाही.

"पाणी हवंय का?"

"थई जशे."

"सानवी आलीय बघा, कॉलेजातून."

"थई जशे."

सानवी, त्यांची मुलगी, पहिल्यांदा ते ऐकून हसली होती आणि मग मोरीत जाऊन रडली होती.

काही महिने प्रतापसिंहने कसंबसं रेटलं. मग एके दिवशी वाडीतलं सगळ्यांचंच नेट बंद पडलं. कुणीतरी घरात नवा राउटर आणला होता आणि दिघ्यांची वायर भलत्याच भोकात खुपसली होती. तेवढ्याने त्या घरातला राउटर सगळ्या गल्ल्यांना चुकीचे पत्ते वाटायला लागला. असं पूर्वीही व्हायचं. हेरंब घरोघर फिरून ते घर शोधून काढायचा. प्रतापसिंहला दोन दिवस लागले. तेवढ्या वेळात फोनवर लोक मोहनाला नको नको ते बोलले.

तेव्हा तिला कपाटावरचं खोकं आठवलं. झटका येण्याच्या आदल्याच आठवड्यात हेरंबने नवा स्विच आणला होता, सगळ्या गल्ल्यांच्या वायरी ज्याला येऊन जोडतात ते यंत्र. आपला जुना स्विच म्हणजे धर्मशाळा आहे, असं त्याने तिला त्या दिवशी हौसेने सांगितलं होतं, कुणीही उठावं आणि कुणाच्याही खोलीत शिरावं. "या नव्याला अक्कल आहे. यात प्रत्येक गल्लीला वेगळी भिंत घालता येते. एकाच्या घरातला घोळ दुसऱ्याच्या घरात जाणार नाही." पण ही अक्कल आपोआप येत नाही, लॅपटॉप जोडून एकेक गोष्ट त्याला शिकवावी लागते, हेही तो म्हणाला होता. रविवारी बसतो, म्हणाला होता.

"विकून टाक ना आई सगळं," सानवी म्हणाली. "तुला हे जमायचं नाही. मला वाईट वाटतंय म्हणून नाही बोलत, खरंच नाही जमायचं."

"बाबांनी आणलंय ते," मोहना म्हणाली.

दुपारी लोक कामाला गेलेले असतात, म्हणून तिने दुपार धरली. टेबलावर स्विच ठेवला. हेरंबला खुर्चीत जवळ बसवलं. खोक्यातला कागद मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता, म्हणून मोबाइलवर हिंदीतला एक व्हिडिओ लावला. तो लावायचा, थांबवायचा, तेवढं करायचं, पुन्हा लावायचा. लॅपटॉपला हाताने पत्ता द्यायचा हे कळायलाच तिची अख्खी दुपार गेली. दुसऱ्या दुपारी स्विचच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड टाकल्यावर स्क्रीनवर एक पान उघडलं. त्यावर स्विचचं चित्र होतं, ओळीने भोकं काढलेली, आणि लॅपटॉपची वायर जिथे होती तेवढंच भोक हिरवं दिसत होतं.

"अहो, उघडलं!" ती ओरडली. हेरंब पुढे वाकला. त्याचा डावा डोळा चमकला, निदान तिला तसं वाटलं.

तिने भिंती घालायला घेतल्या. हे भोक या गल्लीचं, ते त्या गल्लीचं. आणि त्या भरात, ज्या भोकाला तिचा स्वतःचा लॅपटॉप जोडला होता, तेही तिने एका गल्लीच्या भिंतीआड ढकलून दिलं आणि सेव्हचं बटण दाबलं. पान गेलं. स्क्रीन पांढरी पडली. तिने पुन्हा पत्ता टाकला. काही नाही. स्विच बंद करून चालू केला. दिवे लागले, पान मात्र येईना. स्वतःच घर बांधून स्वतःच बाहेरून कुलूप लावावं आणि किल्ली आत राहावी, तशी गत झाली.

"थई जशे," हेरंब म्हणाला. "थई जशे, थई जशे."

"काय थई जशे?" मोहना भडकली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली. "काही व्हायचं नाही! बिघडवलं मी. तुम्ही आणलेलं एकुलतं एक मशीन बिघडवलं. कळतंय का तुम्हाला?"

हेरंबच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याने डावा हात उचलला आणि तिच्या मनगटाशी नेला. ती आधी झिडकारणार होती. पण त्याची बोटं तिच्या बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेवर होती. तो ती ओढत होता, सोडत होता, आणि स्विचकडे बघत होता. मोहनाने पिन काढून त्याच्या हातात दिली. त्याला ती उघडता येईना. तिने उघडून दिली. त्याने पिनेचं टोक स्विचच्या कडेला नेलं. तिथे सुईच्या नेढ्याएवढं एक भोक होतं, तिला ते दिसलंही नव्हतं.

तिने त्याच्या हातावर हात ठेवून पिन दाबून धरली. सगळे दिवे एकदम लुकलुकले आणि विझले. थोड्या वेळाने स्विच कोरा होऊन परत आला. ते पान पुन्हा उघडलं.

त्या संध्याकाळी मोहनाने शिरा केला. सानवीला दहादा सांगितलं. बाबांना सगळं आठवतंय, नुसतं बोलताच येत नाही, आता ते येतील परत. पुढच्या खेपेला बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनाही तिने हे सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हाताला सवय असते, ताई. ती राहते," त्या म्हणाल्या. "पण बोलण्यात मला गेल्या चार महिन्यांत फरक दिसलेला नाही. तुम्ही फार आशा धरू नका, असं मला सांगावंच लागतं." मोहना मान हलवून घरी आली.

भिंती घालून झाल्या, पण कुठली वायर कुठल्या गल्लीची हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. तिने हेरंबला पेटीसमोर बसवलं आणि एकेका वायरीवर बोट ठेवून विचारलं. "ही कंसारा खांच्याची?" त्याने मान हलवली, हो. "की ही?" पुन्हा हो. तिने मुद्दाम पंख्याची वायर दाखवली, तरी हो. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वायरींचं सगळं जाळं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं असेल, पण तिथपर्यंत पोचायला वाट नव्हती.

शेवटी तिनेच युक्ती काढली. एक वायर उपटायची आणि फोनची वाट बघायची. पहिली उपटली. दोन मिनिटांत फोन वाजला, कंसारा खांच्यातल्या शालिनीबेनचा. "मोहनाबेन, नेट गयुं!" मोहनाने माफी मागितली, वायर परत लावली आणि तिच्यावर चिकटपट्टी डकवून नाव लिहिलं. दुसरी उपटली, देवळामागच्या गल्लीतून शिव्या आल्या. तिने तिथलंही नाव लिहिलं. ओरडा खाऊन खाऊन गल्ल्या ओळखायचं हे काम तिला जमायला लागलं, मधेच हसूही आलं.

मग तिने एक जाडी काळी वायर उपटली. फोन वाजला नाही. तिने वाट पाहिली. चहा केला, हेरंबला पाजला. फोन गप्पच. सानवी घरी आली तरी गप्प.

"प्रतापसिंहभाई, ही कुठली वायर आहे, जरा जाऊन बघता?"

प्रतापसिंह वायरीच्या मागोमाग छपरांवरून गेला. परत आला तो खाली मान घालून. ती वायर लांबच्या मोठ्या गल्लीची होती, दिघ्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांची. "भाभी, त्यां तो बधाए कंपनीनुं लई लीधुं छे," तो म्हणाला. घरोघरी कंपनीच्या पांढऱ्या पेट्या लागल्या होत्या. आपल्या वायरीवर एकीने कपडे वाळत घातले होते.

मोहनाला खरं वाटेना. याच गल्लीतले लोक भेटले की हेरंबची चौकशी करायचे. या महिन्याचे पैसे, म्हटलं की "आपी दईशुं, बेन, पहेलां हेरंबभाईने सारुं थवा दो," म्हणायचे. देऊ की, आधी हेरंबभाईंना बरं होऊ दे. तिला वाटायचं, माणसं अडचणीत आहेत, देतील. त्यांनी केव्हाच नेट तोडलं होतं आणि हेरंब आजारी असताना तिला तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटली होती. त्यांच्यावर रागवावं तरी कसं, हेही तिला कळेना. त्या वायरीवर तिने नाव लिहिलं नाही.

स्विच मात्र उत्तम चालला. पुढे एकाने पुन्हा राउटर उलटा लावला तेव्हा त्याच्या एकट्या गल्लीचं नेट गेलं, बाकी कुणाला पत्ताही लागला नाही. मोहनाने स्क्रीनवर पाहून बसल्या जागी ते भोक बंद केलं. जे करायला हेरंबला उन्हातान्हात फिरावं लागायचं ते तिने चहा थंड होण्याआधी केलं. पण ज्यांचं नेट गेलं नाही ते कशाला फोन करतील? फोन येणंच कमी झालं. घरातली ती शांतता चांगली की वाईट, हे तिला सांगता येईना. नेट नीट चाललंय म्हणून लोक गप्प आहेत, की ते आता आपले राहिले नाहीत म्हणून? ती अधूनमधून स्क्रीनवरचे, चालू असलेल्या घरांचे हिरवे ठिपके बघायची. ते कमीच होत गेले.

दिवाळीनंतर केयूरभाई आले. फतेगंजला त्यांचं मोठं ऑफिस होतं आणि वाडीतल्या अशा लहान लहान केबलवाल्यांची गिऱ्हाइकं ते एकेक करून घेत होते. माणूस सभ्य. चपला बाहेर काढून आले, हेरंबच्या पाया पडले. भिंतीवरची पेटी उघडून पाहिली आणि थबकले. "वाह. बहु सरस गोठव्युं छे. कोणे कर्युं?" इतकं छान कुणी मांडलं, त्यांना कळेना.

"यांनी," मोहना म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. हेरंबने तिच्याकडे पाहिलं आणि मग मान वळवली.

केयूरभाईंना गिऱ्हाइकं हवी होती. स्विच नको होता, वायरीही नको होत्या. त्यांची स्वतःची नवी लाइन येणार होती. प्रतापसिंहलाही ते घेणार नव्हते. त्यांच्याकडे वर चढणारी तरुण माणसं होती. "तमारे माटे जग्या छे, मोहनाबेन," ते जाताना म्हणाले. तक्रारींचे फोन घ्यायला बाई हवी होती, मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही बोलणारी.

मोहनाने गिऱ्हाइकं त्यांना देऊन टाकली आणि त्यांच्याकडे कामाला गेली. दुसरं करणार काय? सानवीला पुण्यात नोकरी लागली, ती तिकडे गेली. हेरंबजवळ दिवसभर गंगाबाई राहायला लागल्या, शेजारच्या गल्लीतल्या, नवरा गेलेल्या, मायाळू बाई. मोहना सकाळी शटल रिक्षाने फतेगंजला जायची, कानाला फोनचं यंत्र लावून बसायची आणि समोरच्या कागदावरची ठरलेली वाक्यं वाचायची. वेगळं काही बोलायचं नाही, असा नियम होता.

हेरंबला हे सगळं कळत होतं. आपली बायको कुणाकडे कामाला जाते, तेही. तिने पहिल्या पगाराची मिठाई त्याच्या तोंडाशी नेली तेव्हा त्याने ओठ घट्ट मिटले. त्या दिवसापासून तिच्या हातचा घास त्याने घेतला नाही. गंगाबाईंच्या हातून जेवायचा. तिच्या हातून नाही. तिने विनवलं, एकदा रागावलीही, एकदा त्याच्या पायाशी बसून सगळं समजावून सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला. रुसवा आहे, जाईल, असं गंगाबाई म्हणायच्या. होळी झाली, उन्हाळा आला. रुसवा गेला नाही.

आता मोहना संध्याकाळी घरी येते, तोवर गंगाबाई ताट धुऊन पालथं घालून ठेवतात.

"जेवलेत ते, ताई," त्या पदराला हात पुसत सांगतात. "तुम्ही घ्या आता जेवून."

ती पोळी-भाजी वाढून घेते आणि ओट्याशी उभ्या उभ्याच जेवते.