काकूंची बुटकी स्क्रीन

समोर माणूस येऊन उभा राहिला की काकू आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या. तो जवळचं वाचायचा चष्मा होता, त्यातून समोरचा माणूस धूसर दिसायचा. "आधी माणूस, मग कागद," असं म्हणायच्या आणि आलेल्याचा चेहरा नीट बघून झाल्याशिवाय पुढ्यातल्या वहीला हात लावायच्या नाहीत. कोणाचा गाल सुजलाय, कोण भीतीनं पांढरा पडलाय, कोण उगाचच हसतोय, हे त्यांना तेवढ्यात कळून जायचं. दाताच्या दवाखान्यात माणसं कुठल्या अवस्थेत येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

हा दवाखाना ओहायोतल्या डब्लिनमध्ये होता, पिझ्झाचं दुकान आणि ड्रायक्लीनर यांच्यामधे. डॉक्टर पुण्याचे. काकू त्यांच्याकडे फ्रंट डेस्कवर बसायच्या. काकू मुलाकडे राहायला म्हणून अमेरिकेत आल्या होत्या, पण त्याआधी पंचवीस वर्षं मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर होत्या. घरी बसून राहणं त्यांना महिनाभर जमलं. मग एका रविवारी त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमच्याकडे खिडकी आहे का हो?" दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, पण अडायचं नाही. "सिट. ब्रीद. डॉक्टर गुड मॅन," एवढ्यावर त्यांनी कित्येक थरथरणारी माणसं खुर्चीपर्यंत पोचवली. एक म्हातारे गृहस्थ यायचे, पूर्वी शाळेची बस चालवायचे. त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, ओठ बघून ते बोलणं समजून घ्यायचे. काकू त्यांच्याशी बोलताना हनुवटी वर करून, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मिरजेच्या खिडकीवर तीन राज्यांतले पेशंट यायचे, निम्म्यांची भाषा त्यांना येत नव्हती. तोंडाकडे बघून काम कसं करायचं ते त्या तिथेच शिकल्या होत्या.

दोन हजार तीन साली डॉक्टरांनी ठरवलं, की वही बंद करायची आणि फ्रंट डेस्कला कॉम्प्युटर घ्यायचा. कुठला घ्यायचा हे ठरवण्यासाठी त्यांनी काय केलं असेल? पॉटलक ठेवला. आमच्याकडे सगळे निर्णय असेच होतात, तुम्हीही पाहिलं असेल. शनिवारी संध्याकाळी दहा-बारा घरं जमतात, प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो आणि प्रत्येकाकडे एकेक मत असतं. त्यातले नऊ जण सॉफ्टवेअरमधले. मी एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर होतो, डॉक्टरांचा लाडका होतो, म्हणून खरेदीचं पुढारपण माझ्याकडे आलं. "घरचंच काम समज," डॉक्टर म्हणाले. हा 'घरचंच' शब्द ऐकला की माझं डोकं हल्ली तापतं. त्या दिवशी मात्र छाती फुगली होती.

काकू भरली वांगी घेऊन आल्या होत्या. त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "कॉम्प्युटर कसा पाहिजे ते लिहिलंय. बघ जरा."

मी बघितला. नुसता बघितला नाही, मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांसमोर, नाटकातल्यासारखा आवाज काढून.

"स्क्रीन बुटकी असावी. तिच्यावरून माणूस दिसला पाहिजे. बाकड्यावर बसलेल्यांना त्यावरचं वाचता येऊ नये. आवाज नको, पेशंट हळू बोलतात. पायाशी काही नको. प्रिंटर बसल्या जागी हाताशी यावा. बंद पडला तर आजची यादी कागदावर हवी." आणि खाली सही. ऑफिसात अर्ज करतात तशी, पूर्ण नावाची.

'बुटकी स्क्रीन'ला पहिला हशा पिकला आणि सहीला सगळ्यात मोठा. आमच्यात एक मित्र होता, तो स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचा आणि त्यावर गेम खेळायचा. तो म्हणाला, "काकू, प्रोसेसर कुठला, रॅम किती, ते लिहायचं राहिलं की!"

काकू वांगी वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते तुम्हाला कळतं, म्हणून नाही लिहिलं. जे तुम्हाला कळत नाही ते लिहिलंय."

यावर तर आम्ही लोळायचे बाकी राहिलो. नऊ इंजिनिअर, एक डेंटिस्ट, आणि त्या खोलीत फ्रंट डेस्कवर बसायचा अनुभव असलेलं एकच माणूस. त्या माणसाला आम्ही विनोदी ठरवलं आणि वांग्याचं कौतुक करून मोकळे झालो. तो कागद कुठे गेला मला आठवत नाही. बहुतेक पेपर प्लेट्सबरोबर गेला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सेलसाठी, आम्ही चौघं इंजिनिअर दुकानाबाहेर रांगेत उभे होतो. कशाला, तर एकवीस इंची मॉनिटर जवळजवळ फुकट पडणार होता. पैसे परत मागायचा रिबेटचा फॉर्म पोस्टात टाकला की झालं. तेव्हा आमचं सगळ्यांचं हेच चालायचं. गरज काय आहे हे कोणी विचारत नसे, डील काय आहे हे विचारायचे. बर्फात तास-दोन तास उभं राहून मिळवलेली वस्तू चुकीची आहे असं म्हणायची कोणाची छाती होणार?

तो मॉनिटर म्हणजे जुन्या टीव्हीसारखं मागे फुगलेलं धूड होतं, उचलायला दोन माणसं लागली. गेमवाल्या मित्रानं कॉम्प्युटरचं खोकं स्वतः जोडलं. एका बाजूला काच, आत निळा दिवा, तीन पंखे. "पुढची पाच वर्षं बघायला नको, काकू!" काकूंना त्यावर अपॉइंटमेंट लिहायच्या होत्या, विमान उडवायचं नव्हतं. सगळं बसवून झाल्यावर डॉक्टरांनी आमचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. आम्ही चौघं काउंटरपुढे दात काढून उभे आहोत. काकूही त्यात आहेत, पण दिसत नाहीत. त्या मॉनिटरच्या मागे आहेत.

काकू उंचीनं पाच फूटही नव्हत्या. खुर्चीत बसल्या की समोरून नुसतं धूड दिसायचं. लोक येऊन मॉनिटरशी बोलायचे. खोकं पायाशी, म्हणून पाय वाकडे करून बसावं लागे, आणि पंख्यांचा आवाज असा, की त्या म्हणाल्या, "अरे, पिठाची गिरणी घातलीत की रे इथे." मी हसलो. म्हटलं, "होईल सवय."

सॉफ्टवेअर त्यांनी एका आठवड्यात आत्मसात केलं, हे इथे नोंदवून ठेवतो. मी दोन संध्याकाळी शिकवायला गेलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी त्या मला शिकवत होत्या, की एकाच वेळेला दोन माणसं चढवली तर ते ओरडत नाही, तेवढं कंपनीला कळव.

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. मॉनिटर आडवा फिरवून ठेवला. माणूस दिसायला लागला. पण आता स्क्रीन बाकड्याकडे आली. एका बाईंनी बसल्या बसल्या आपल्या शेजारणीचं नाव आणि तिच्या कवळीची हकीकत वाचली आणि गावभर केली. दवाखान्यांसाठी गुप्ततेचा नवा कायदा त्याच वर्षी लागू झाला होता, डॉक्टर धास्तावले. काकूंना ओरडले. मला फोन आला आणि मी धावत गेलो. मी काय केलं? मॉनिटर सरळ केला आणि पुन्हा फिरवता येऊ नये म्हणून टेबलाला पट्टीनं आवळून टाकला. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "कागदात दुसरा मुद्दा तोच होता," एवढंच म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर त्या उभ्यानं काम करायला लागल्या. प्रत्येक माणसासाठी उठायचं, बोलायचं, टाइप करायला बसायचं, परत उठायचं. संध्याकाळी पाय सुजायचे. रांग हळू सरकायला लागली आणि लोकांचं मत झालं, की काकूंना कॉम्प्युटर झेपत नाही.

आणि एके दिवशी ते बसवाले म्हातारे आले. काकू खाली बसून टाइप करत होत्या. त्यांनी पाहिलं, काउंटरवर कोणी नाही. काकूंना पंख्याच्या आवाजात त्यांची चाहूल लागली नाही. ते थोडा वेळ थांबले आणि घरी निघून गेले. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा जबडा चेंडूएवढा सुजला होता, तिथून थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं. वाचले, पण मुलगा डॉक्टरांना नाही नाही ते बोलला.

"काकू, तुम्ही समोरच बसला होता ना!" डॉक्टर म्हणाले.

"समोर कुठे? मागे बसले होते," काकू म्हणाल्या.

त्याच रात्री डॉक्टरांनी मला विचारलं, "खरं सांग यार, काकूंना हे जमेल असं वाटतं का तुला?" मला सगळं माहीत होतं. दोष त्या धुडाचा होता, ते निवडणाऱ्या माझा होता. पण ते म्हटलं असतं तर नऊ इंजिनिअर मूर्ख ठरले असते, आणि पहिला मी. मी म्हणालो, "वय आहे हो, डॉक्टर. अवघडच आहे." या एका वाक्याबद्दल मला माझा जेवढा राग येतो तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल येत नाही.

काकूंना काढलं. आणि कसं काढलं? पुढच्या पॉटलकला बोलावून सत्कार करून! शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "काकू आता विश्रांती घेणार आहेत." हे काकूंना तिथेच कळलं. त्यांनी शाल नीट घडी घालून मांडीवर ठेवली. आणि आम्ही त्यांना जेवणाचा आग्रह करत होतो.

त्यांच्या जागी एक अमेरिकन मुलगी आली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिनं डॉक्टरांना सांगितलं, "मला समोरचा माणूस दिसत नाही. असं काम होणार नाही." शुक्रवारी नवी चपटी स्क्रीन आली. बुटकी. बसवायला अर्थातच मी. आवाज न करणारं खोकं आलं, ते पायाशी नाही, कपाटात गेलं. प्रिंटर हाताशी आला. मी एकेक वस्तू लावत होतो आणि एकेक ओळ मला आठवत होती. तीच मागणी, फक्त इंग्रजीत आणि भरल्या वांग्यांशिवाय आलेली. डॉक्टर म्हणाले, "बघ, प्रोफेशनल माणूस असला की फरक पडतो." माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो मी खाली ठेवला आणि तडक काकूंच्या घरी गेलो.

त्या मटार सोलत होत्या. मी म्हटलं, "काकू, माझं चुकलं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. "सॉरी ठेव तुझ्याकडे. मला कागद पाहिजे."

लायब्ररीच्या चौकशी खिडकीवरच्या नोकरीसाठी त्यांनी अर्ज केला होता. तिथे आधीच्या मालकाचं पत्र मागितलं होतं. डॉक्टरांनी दिलेलं पत्र त्यांनी माझ्यापुढे टाकलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या: वयोमानामुळे संगणकावरचं काम जमत नसल्यानं त्या निवृत्त होत आहेत. "हे घेऊन मला कोण उभं करणार? हे बदलून आण."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्यापुढे आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. "अरे, घरचं प्रकरण आहे, एवढं काय तापतोस?" ते म्हणाले. "घरचं आहे म्हणूनच कोणी विचारत नाही," मी म्हणालो, आणि काय काय बोललो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तू लिहून आण, मी सही करतो."

मी अर्धं पान मसुदा लिहिला, अगदी जीव ओतून. काकूंना वाचून दाखवला. 'त्या आम्हा सर्वांना आईसारख्या होत्या' हे वाक्य आलं तसं त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पेननं त्यावर आडवी रेघ मारली. रेघ मारताना कागद फाटला.

"आईसारख्या म्हणे. आईला कोणी शाल देऊन घालवतं का? कामाचं लिही. चार वर्षं फ्रंट डेस्क. रोजचे किती पेशंट ते लिही. एक अपॉइंटमेंट चुकली नाही, लिही. कॉम्प्युटर एका आठवड्यात शिकल्या, लिही. तूच शिकवलास ना? मग लिही."

मी लिहीत गेलो. "आणखी काही?"

"शेवटी लिही, की कॉम्प्युटर निवडताना त्यांना विचारलं होतं, त्यांनी लेखी दिलं होतं, आणि सगळे हसले."

"काकू, असं पत्रात लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?"

मी मसुद्याची घडी घातली आणि निघालो. डॉक्टरांनी सही केली, पत्र मी नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, पान उलटून मागची कोरी बाजूही बघितली, आणि माझ्याकडे न बघता पाकिटात घातलं. पुढे उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची सांता क्लाराला बदली झाली आणि त्या गेल्या. तिकडे कुठली खिडकी मिळाली का, मला माहीत नाही. 'सगळे हसले' हे शेवटचं वाक्य मी पत्रातूनही गाळलं होतं.