न वाजलेले घुंगरू

आमच्या ह्यांची पोलिसातली नोकरी माणूस मारला म्हणून गेली, असं माझ्या माहेरची मंडळी अजून समजतात. समजावून समजावून मी थकले. माणूस मारला त्याबद्दल ह्यांना कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. नोकरी गेली ती मारला असं कबूल केलं म्हणून. हे वाचून कोणाला हसू आलं तर येऊ द्या, मला मात्र कधी आलं नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या थोडी आधीची. मी तापीकाठची, कपाशी-ज्वारीच्या घरातली. मराठी चौथीपर्यंत शिकले, म्हणून हे चार शब्द लिहिता येतात. हे पोलिसात जमादार होते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना बंदूकवाला जावई मिळाल्याचा कोण आनंद झाला होता! आई तेवढी म्हणाली, पोरीला डोंगराकडे न्याल तर पाणी कुठलं आणि माणसं कुठली. आईचं बोलणं खरं व्हायला फार वेळ लागला नाही. ह्यांची बदली तळोद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका चौकीत झाली आणि मीही मागोमाग गेले.

चौकी म्हणजे एक कौलारू खोली, पुढे ओसरी, मागे आमचं कुडाचं घर. समोर कडुनिंबाचं मोठं झाड. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातले लोक त्या झाडाखाली विसावा घेऊन पुढे जायचे. मला त्यांचं बोलणं कळायचं नाही, त्यांना माझी अहिराणी अर्धीमुर्धी कळायची. गावचा म्हातारा कोतवाल दोन्हीकडचं बोलायचा. ह्यांनाही डोंगरातली रीतभात ठाऊक नव्हती. चौकीतले बाकीचे शिपाईही खालच्या मुलखातलेच. ज्यांना त्या लोकांची भाषा येत नाही त्यांच्या हातात बंदूक द्यायची, हे शहाणपण कोणाचं ते देव जाणे.

त्या वर्षी माघात अक्कलकुव्याच्या बाजूला एका दुकानदाराच्या घरी दरोडा पडला. दरोडेखोरांनी तोंडं काजळीनं काळी केली होती. फौजदारांनी चौकीवर येऊन सगळ्यांना दम भरला. तोंडाला काळं फासलेला, हातात हत्यार असलेला माणूस दिसला की सोडायचा नाही, असा हुकूम. मग हे आणि शिपाई रोज ओढ्याच्या उतारावर दबा धरून बसू लागले.

आता फाल्गुन लागल्यावर डोंगरात काय होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. होळीचं व्रत धरलेली माणसं अंगभर राखेची नक्षी काढतात, तोंडाला काजळी लावतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू, आणि हातात लाकडाची तलवार. असा साज करून ती दूरदूरच्या होळीला चालत जातात आणि रात्रभर नाचतात. हे सगळं मला नंतर कोतवालानं सांगितलं. त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

होळीच्या दिवशी ऊन कलल्यावर एक माणूस एकटाच ओढ्याकडे उतरला. त्याच्या पाड्यातले बाकीचे पुढे गेले होते, तो मागे राहिला होता. टोप त्यानं बांबूच्या टोपलीत घालून पाठीला बांधला होता, पिसं वाटेत झुडपांना अडकून मोडू नयेत म्हणून. त्यामुळे झुडपांआडून ह्यांना दिसलं ते एवढंच: काळं तोंड आणि हातात तलवार. शिपायानं मराठीत हटकलं. तो दचकून वळला आणि तलवार धरलेला हात वर झाला. ह्यांनी गोळी झाडली. माणूस तिथेच पाण्यात पडला.

जवळ गेल्यावर ह्यांना टोप दिसला, भोपळे दिसले. घुंगरांचा पट्टा कमरेला होता, पण घुंगरू वाजले नव्हते, कारण एकेका घुंगरात वाळकं गवत गच्च भरलेलं होतं. त्या पाड्याची तशी पद्धत. घुंगरू पहिल्यांदा होळीपुढेच वाजायचे, वाटेत नाही. ते वाजले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं की नाचायला निघालेला माणूस येतोय.

घुंगरांचा पट्टा मुद्देमाल म्हणून गेला, तो परत कधी आला नाही. लाकडी तलवार मात्र फौजदारांना नको होती. त्यांना तलवार हवी होती, लाकडी नको होती. दुसऱ्या दिवशी फौजदारांच्या सांगण्यावरून हे ती फडक्यात गुंडाळून घरात आले. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. ह्यांनी माझ्याकडे न पाहता ती खाली ठेवली.

"हाई चुल्हामा टाक."

मी फडकं सोडलं. पळसाच्या लाकडाची असावी, हलकी होती. पात्यावर चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले, मुठीला लाल दोरा. माझं डोकं फिरलं.

"हाई तं लाकूड शे. याले भ्यायनात तुम्हीन?"

हे भाकरीही न खाता बाहेर गेले. मी तलवार चुलीत घातली नाही, ज्वारीच्या कणगीमागे उभी करून ठेवली आणि संध्याकाळी ह्यांना तसं स्पष्ट सांगितलं. घर माझं, चूल माझी. फौजदारांना जाळायची असेल तर आपल्या बंगल्यात जाळावी. हे ऐकून घेत राहिले. मला त्यांचा संताप येत होता आणि दयाही येत होती, दोन्ही एकाच वेळी.

मग त्या माणसाची आई येऊ लागली. वाळलेल्या हाडांची, उंच बाई, कानात जड कथलाची भूषणं. पोरगा तिला एकुलता होता, सून बाळंतपणात गेलेली. दर बाजाराच्या दिवशी ती मोहाच्या फुलांची पाटी घेऊन डोंगर उतरायची आणि बाजारात न जाता कडुनिंबाखाली चौकीकडे तोंड करून बसायची. रडायची नाही, ओरडायची नाही. मी पाण्याचा तांब्या नेला तर तिनं तो उचललाही नाही. उन्हात पाणी तापलं आणि संध्याकाळी मी तो तसाच आत आणला.

कोतवालाला विचारलं, हिला काय हवंय. त्यानं सांगितलं ते ऐकून मी ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या पाड्यात कोणी माणसाच्या हातून मेला तर गावशिवेला त्याच्या नावाचा दगड उभा करतात, तेव्हा तो पूर्वजांत जाऊन बसतो. पण त्याआधी ज्याच्या हातून तो मेला त्यानं पंचांपुढे येऊन आपल्या तोंडानं तसं सांगावं लागतं. ते झालं नाही तर दगड नाही, आणि दगड नाही तर तो रानात फिरत राहतो, तहानलेला. शिक्षा करणं त्यांच्या हातात नव्हतं आणि ती मागतही नव्हती. तिला फक्त तो माणूस हवा होता, ज्यानं गोळी झाडली, आणि त्याचं तोंड.

चौकशी झाली, नाही असं नाही. प्रांतसाहेबांचा तळ पडला, तंबू ठोकले गेले, कोंबड्या कापल्या गेल्या. फौजदारांनी आधीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. गोळी पोलिसांकडून सुटली एवढंच सांगायचं, कोणाच्या बंदुकीतून ते नाही. तलवार ओढ्यात वाहून गेली म्हणायचं. फाल्गुनात त्या ओढ्यात घोटाभर पाणी असतं, त्यात ताटलीसुद्धा वाहत नाही. पण साहेबांनी ओढा पाहिला नाही. मला कोणी बोलावलं नाही, बोलावलं असतं तर कणगीमागचं लाकूड घेऊनच गेले असते. हे निघाले तेव्हा मी म्हटलं होतं, सोबत न्या. ह्यांनी नेलं नाही.

निकाल असा लागला की कर्तव्य बजावताना गैरसमज झाला, कोणाचाही दोष नाही. तोवर खरे दरोडेखोर गुजरातच्या बाजूला सापडलेही होते. कोतवालानं म्हातारीला निकाल समजावला. तिनं विचारलं, म्हणजे कोणी मारला? साहेबांनी उत्तर दिलं, पोलिसांनी. तिनं तंबूत बसलेल्या एकेका पोलिसाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, यातल्या कोणी? साहेब म्हणाले, प्रकरण संपलं. हे त्यांच्यातच खाली मान घालून बसले होते. कोतवालानं मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, ह्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला म्हातारी पुन्हा झाडाखाली. प्रकरण साहेबांचं संपलं होतं, तिचं नव्हतं.

आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात. मी त्या वर्षी गेले नाही. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात त्यांना तहान लागत नाही. ह्यांचे वडील जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, म्हणून हे अंघोळ करून घागर भरायला बसले. डोळ्यांत पाणी होतं. बापावर ह्यांचा फार जीव. मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं, पण तो माझा स्वभाव नाही.

मी म्हटलं, तुमचा बाप आज पोटभर पाणी पिईल. ओढ्यात पडला तो पाण्यात पडूनही तहानलेला आहे, आणि त्याची घागर तुमच्या तोंडात अडकलीय.

सणाच्या दिवशी असं बोलू नये, मला कळतं. ह्यांचा हात थांबला. तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडत राहिलं. मला वाटलं आता मारतील. हे उठले, घागर तशीच अर्धी ठेवून आतल्या अंधारात जाऊन बसले. पाहिलं तर पाठ हलत होती. लग्नानंतर ह्यांना हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग मीही शेजारी बसून रडले. कितीतरी वेळानं हे म्हणाले की नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, ज्वारी काही पोलिसांत उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर निघालो. ह्यांनी पोलिसाचे कपडे घातले नाहीत, धोतर-सदरा घातला. पुढे कोतवाल, मागे हे, शेवटी मी, आणि तलवार माझ्या हातात फडक्याशिवाय. चढ असा की माझी छाती फुटायची वेळ आली. मोलगीकडे जाणाऱ्या वाटेवरून आत वळल्यावर तो पाडा, डोंगराच्या खांद्यावर विखुरलेली घरं. लांबून कुत्री भुंकली आणि माणसं आपोआप गोळा झाली. कोणी हत्यार उचललं नाही, कोणी शिवी दिली नाही. पंच म्हणजे चार म्हातारे, मोहाच्या झाडाखाली उकिडवे बसले. आई त्यांच्या बाजूला.

हे हात जोडून उभे राहिले. मला भीती वाटली की आता हे ‘पोलिसांनी’ म्हणतील.

"मीच गोळी झाडी," हे म्हणाले. "मन्हा हातघाई मरना तो. त्याना काही दोष नव्हता."

ह्यांच्याच हातून तो मेला, असं कोतवालानं त्यांच्या बोलीत सांगितलं. पंचांनी माना हलवल्या. मी पुढे होऊन तलवार म्हातारीपुढे ठेवली. तिनं मुठीचा लाल दोरा बोटानं चाचपला, तो बहुधा तिनंच बांधला असावा. मग ती ह्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. कोतवाल घुटमळला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ती इचारस, घुंगरू वाजनात नही का?"

"नही वाजनात," हे म्हणाले.

दगड उभा राहिला. बातमी बाजारात फुटली, फौजदारांच्या कानावर गेली. चौकशीच्या निकालाविरुद्ध, परवानगीवाचून परक्या पंचांपुढे जबाब दिला म्हणून ह्यांना बडतर्फ केलं. फौजदारांना पुढे बढती मिळाली असं ऐकलं. आम्ही तापीकाठी येऊन शेती केली. हे दर आखाजीला बापाच्या घागरीशेजारी दुसरी एक घागर भरत, आणि मी ती कोणाची असं विचारणाऱ्याला आमच्या नातलगाची म्हणून सांगत असे.

पण त्या दिवशी मोहाखाली ह्यांनी "नही वाजनात" म्हटल्यावर जे झालं ते लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. म्हातारी बराच वेळ तलवारीकडे पाहत राहिली. नंतर आपले दोन्ही हात पालथे-सुलटे करून तिनं पाहिले आणि पंचांकडे वळली. ह्यांच्यासारखीच ताठ उभी राहिली आणि हात जोडून हळूहळू एकेक शब्द बोलली. पंचांतला एक म्हातारा तिला थांबवायला उठला, ती थांबली नाही. ह्यांनी कोतवालाला विचारलं, काय म्हणते?

कोतवालानं डोळे पुसले.

"ती सांगस, गवत तिनी कोंबेल व्हतं. तिना हातघाई मरना तो."