बैलबाजारातल्या मैदानावर

“तोंड उघडा,” डॉक्टर म्हणाले. माझ्या धाकट्या भावाचे, दिनकरचे, दात बोटभरही विलग झाले नाहीत. पोट फळीसारखं ताठ. गुडघ्यावरची खपली पाहून डॉक्टरांनी मला विचारलं, “हे कुठं लागलं?”

“कबड्डीत. बैलबाजाराच्या जागेवर.”

“टिटॅनस आहे. उशीर केलात.”

टिटॅनस म्हणजे धनुर्वात. त्याचे जंतू शेणामातीत असतात आणि जखमेतून अंगात शिरून विष सोडतात. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही सुलतानपूरहून एस.टी.नं बुलढाण्याला आलो होतो.

ते मैदान मीच निवडलं होतं. मी संघाचा कप्तान. आमच्या वांग्याच्या वावराशेजारी नांगरलेली मऊ जागा होती. दिनकर म्हणालाही, “दादा, बाजारात मुरूम हाय. पडलं का सालटं निघते. वावरातच खेळू ना.” पण वावरात पाहायला कोण येणार? मला गर्दी हवी होती.

पहिल्याच डावात तो चढाई करताना घसरला. गुडघा सोलवटला. मी तिथलीच मूठभर माती जखमेवर दाबली. “काही होत नाही बे, ऊठ.” तो उठला. आम्ही जिंकलो.

आठव्या दिवशी त्याला भाकरी चावेना. दाढ दुखत असेल म्हणून आम्ही लवंग दिली. त्यात एक दिवस गेला.

दवाखान्यात त्याला अँटिटॉक्सिन सिरम दिलं, म्हणजे रक्तातलं विष मारणारं इंजेक्शन. “नसांत शिरलेलं विष यानं निघत नाही, वाट पाहावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. खोली अंधारी ठेवली. नळीनं दूध. बाहेर बादली वाजली तरी दिनकरच्या पाठीची कमान व्हायची. शुद्ध मात्र पूर्ण असायची, सगळं कळायचं त्याला.

दिनकरची बायको तोवर माझ्याशी कधी समोरून बोलली नव्हती. व्हरांड्यात एकदा तिनं पदर सावरत विचारलं, “लागलं होतं त्याहिले, तरी काऊन खेळवलं?”



तीन आठवड्यांनी तोंड उघडलं. पहिला चमचाभर वरणभात नर्सबाईंनी भरवला. त्या बाईंचे आणि डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण झटक्यांनी पाठीचे दोन मणके दबले होते. दिनकर वाचला, वाकून चालू लागला. कबड्डी संपली.

खेळणाऱ्यांनो, आधी जागा पाहा. जनावरं बांधतात तिथं खेळू नका. खरचटलं तर साबणपाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सुई घ्या. सामना थांबला तरी चालेल.

घरी आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तू नसतं म्हटलं तरी मी उठलोच असतो, दादा.”

खोटं बोलला. माती दाबताना त्यानं माझं मनगट धरलं होतं. ते मी सोडवून घेतलं होतं.