भेगेवरची काच

आमच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईंना मी दर शुक्रवारी, इथल्या आखाती देशातल्या सुट्टीच्या दिवशी, अबू हमूर भागातल्या चर्चला सोडतो. तिथे पार्किंगमध्ये एक म्हातारे इंग्रज गृहस्थ भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. मी सिव्हिल इंजिनिअर, हे कळल्यावर त्यांनी लगेच मोबाइल पुढे केला. त्यांच्या गावच्या मध्ययुगीन चर्चच्या दगडी मनोऱ्याला भेग दिसली होती. हादऱ्याने ती वाढेल म्हणून घंटा बंद ठेवली होती. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली तर काच तडकणार. त्यांची गावातली बहीण दर आठवड्याला त्या काचेचा फोटो पाठवायची. "बघा हो, तडकली का?" असं विचारून ते तोंड फिरवून उभे राहायचे.

गेल्या शुक्रवारी ते लांबूनच हात हलवत आले. "भेग जुनीच निघाली! बांधतानाच पाया खचला होता. गवंड्यांनी वरचं बांधकाम सरळ करून घेतलं आणि पुढे गेले. आमचा मनोरा जन्मापासूनच वाकडा आहे!"

मी सवयीने फोटो बघायला हात पुढे केला, तर त्यांनी मोबाइल थेट माझ्या कानालाच लावला. इथल्या चर्चला मनोरा नाही, घंटाही नाही; या देशात तशी परवानगीच नाही. भर उन्हात त्यांच्या गावची घंटा माझ्या कानात घणघणली. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.